आठशे पन्नास आणि नऊशे

पनवेलच्या खाडीत होडी शिरायच्या आधी काशिराम कोळी बायकोला एक फोन करतो. मग गंगाबाई बर्फ आणि टोपल्या घेऊन धक्क्यावर जाते. गेल्या महिन्यात हा फोन तीनदा आलाच नाही. तिसऱ्यांदा तर इंजिन बंद पडून होडी पाच तास उशिरा आली. तोवर गंगाबाई पाण्याकडे बघत धक्क्यावर उभी होती.

काशिरामकडे नवा फोन होता. मालवाहू जहाजावर काम करणाऱ्या मुलानं, भावेशनं, तो जपानच्या बंदरात घेऊन धाडला होता. पनवेलच्या बाजारात तो छान लागायचा, म्हणून काशिरामनं दोष सिमला दिला आणि कंपनीच बदलली. तरी तेच.

भावेशची मुलगी कोमल सातवीत आहे, माझ्याकडे गणिताला येते. एका दुपारी ती आजी-आजोबांनाच घेऊन आली, सोबत खोक्यासकट तो फोन.

“बाई, हा बिघडलाय का?”

“बघू. मिरवणूक लांब असली की आधी काय ऐकू येतं?”

“ढोल.”

“आणि झांज?”

“जवळ आल्यावर.”

“टॉवरच्या लहरींचंही बरंचसं तसंच. प्रत्येक लहरीला फ्रिक्वेन्सीचा एक आकडा असतो. आकडा लहान, तर लहर लांब पोचते. मोठ्या आकड्याची लवकर विरते. बाजारात टॉवर जवळ, तिथं मोठा आकडाही चालतो. समुद्रात लहानच हवा. आपल्याकडे लांबवर पोचणारे म्हणजे मुख्यतः आठशे पन्नास आणि नऊशे मेगाहर्ट्झ. आता या फोनला ते ऐकू येतात का, शोध.”

खोक्यावरचा मॉडेल नंबर घालून कोमलनं या फोनला कोणते आकडे चालतात याची कंपनीची यादी काढली. बोट वरून खाली नेलं, मग पुन्हा वरून खाली.

“दोन्ही नाहीत, बाई.”

“तिकडच्या टॉवरांसाठी बनवलेला आहे. बिघडलेला नाही.”

“म्हंजे सिम बदलून काय उपेग नाय?” काशिरामनं विचारलं.

“नाही.”

“सिमच्या दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या तुमी,” गंगाबाई म्हणाली. “आता जुना फोन काढा.”

“पोरानं एवढ्या लांबून धाडला, गंगे. वापरला नाय तर त्याला काय वाटंल?”

“आन् मी धक्क्यावर उभी ऱ्हाते, तवा मला काय वाटतं?”

काशिरामनं पिनेनं सिम काढून कोमलच्या तळहातावर ठेवलं. “जुन्यात घाल.”

रविवारी जहाजाच्या वायफायवरून भावेशचा कोमलच्या आईच्या फोनवर कॉल आला. कोमल बोलायला गेली, पण काशिरामनं फोन आपल्याकडे घेतला.

“तुझा फोन गावात झ्याक चालतो, पोरा. दर्यात नाय चालत.”

पलीकडून भावेश म्हणाला, “घेताना मीच बघायला पायजे होतं, बाबा. जुना जवळ हाय ना?”

“खिशात हाय.”

“मंग तोच ने. आन् आईला फोन कर.”

परवा सकाळी कोमलला अपूर्णांक शिकवत होते. गंगाबाई टोपली कमरेला लावून माझ्या दारावरून घाईघाईनं गेली.

“थांबायला येळ नाय, बाई,” ती म्हणाली. “फोन आला.”