लिंबोटीच्या पाण्यात पाच होड्या

किनवटच्या वसतिगृहात एकत्र वाढलेल्या दहा जणी दरवर्षी जानेवारीत लिंबोटीच्या धरणावर जमायच्या. निम्म्या नांदेडकडच्या, निम्म्या लातूरकडच्या. ग्यानोबा भोई दोन मोठ्या होड्यांत त्यांना दाटीवाटीनं बसवून पलीकडच्या टेकडीला न्यायचा. तिथं डबे सुटायचे आणि दिवसभर हसून हसून गाल दुखायचे. बारा वर्षं यात खंड पडला नव्हता.

मग कोरोना आला. त्यांच्यातली बुद्धप्रिया अहमदपूरला नर्स होती. दहा महिने तिनं कोविड वॉर्डातच काढले. डिसेंबर सरता सरता पेशंट कमी झाले, तसा मनिषाचा नांदेडहून फोन आला.

"औंदा जमायचं का न्हाई, ते तू सांग बाई. तू म्हणशील ते सगळ्यांना कबूल."

बुद्धप्रियाला झोप लागेना. घरात म्हातारी माय, सरजाबाई, तिला शुगर. बाकी नऊ घरांतही कोणी ना कोणी होतंच. नको म्हणून मोकळं व्हावं, तर तारामती डोळ्यांपुढं यायची. तिचा नवरा सप्टेंबरात कोरोनानं गेला. मातीला एकही मैत्रीण जाऊ शकली नव्हती. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती, फोनही उचलत नव्हती.

"माय, काय करू गं?"

सरजाबाई लसूण सोलत होती. "रोज पेशंटपाशी जातीस, तवा जाऊ का नको म्हणून इचारतीस का? कसं जायचं ते बघतीस. हितंबी तसंच बघ की."

बुद्धप्रियाला वाट सापडली. सुट्टीच्या दिवशी ती थेट धरणावर गेली. "दादा, एका होडीत दोघीच बसणार. पाच होड्या पाहिजेत."

"होड्या गावातून गोळा करतो," ग्यानोबा म्हणाला. "पन वल्हवनार कोन? पोरं समदी ऊसतोडीला गेलीत."

"आम्हीच वल्हवू."

ग्यानोबा हसला. "ताई, पानी हाय ते."

"मग शिकवा."

कमरेला ट्रकची ट्यूब बांधून ती होडीत बसली. पहिला तासभर होडी जागच्या जागी गरगर फिरली. दुपारी ती काठाकाठानं सरळ जायला लागली, तेव्हा ग्यानोबानं फोनवर व्हिडिओ काढून दिला. तो ग्रुपवर पडताच मनिषानं लिहिलं, "येडी झालीस का?" आणि पाचच मिनिटांनी, "मलाबी शिकायचंय."

तारामतीला मात्र बुद्धप्रिया स्वतः भेटायला गेली. अंगणातच उभी राहून म्हणाली, "माझ्या होडीत दुसरं माणूस न्हाई. तू न्हाई आलीस तर मी एका जागी फिरत राहीन."

तारामती आली. दहाही जणी आल्या. तोंडाला मास्क, कमरेला ट्यूब, आपापला डबा. सकाळभर ग्यानोबानं त्यांना काठाशी शिकवलं, मग आपली होडी पुढं घातली. मध्यावर वारा सुटला. मनिषाची होडी आडवी झाली, आरडाओरडा झाला. बुद्धप्रियाच्या समोर गप्प बसलेली तारामती एकदम ओरडली, "मने, डावं मार! डावं! उजवं वर उचल!" मनिषानं तसं केलं, होडी वळली. मग तारामतीनं बुद्धप्रियाच्या हातातली दोन्ही वल्ही घेतली आणि ओरडून ओरडून पाचही होड्या पैलतीराला नेल्या.

टेकडीवर त्या लांब लांब बसल्या. तारामती नवऱ्याबद्दल बोलली, खूप रडली. कोणाला तिला जवळ घेता आलं नाही, पण कोणी उठलंही नाही. परतताना मनिषानं शर्यत लावली. तारामतीची होडी पहिली लागली. काठावर उभी राहून, दोन्ही हात वर करून ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बगळे उडाले.

पुढचे चौदा दिवस बुद्धप्रियानं रोज प्रत्येकीला फोन करून ताप, खोकला विचारला. पंधराव्या दिवशी तिनं ग्रुपवर लिहिलं, "दहाच्या दहा ठणठणीत!"