पाणी पिणाऱ्या टॉर्चची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे. वीज गेल्यावर तुमच्या घरी ज्याची शोधाशोध होते आणि ज्याचे सेल नेमके तेव्हाच संपलेले असतात, तो नव्हे. मी वेल्डिंगचा टॉर्च. माझ्या तोंडात टंगस्टनची काडी असते. काडीच्या टोकाला विजेची ज्योत पेटते आणि तिच्याखाली जाड अ‍ॅल्युमिनियम लोण्यासारखं विरघळतं. खरं तर असायची, पेटायची, विरघळायचं, असं म्हणायला हवं. सध्या मी अलास्कातल्या एका बंदरावर, होड्या दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये, एका खिळ्याला लटकलेलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. आईवडिलांविषयी माहिती नाही. खोक्यावर फक्त ‘कोरड्या जागी ठेवा’ असं छापलं होतं. पाण्यावर जगणाऱ्या जिवाच्या कपाळी पहिल्याच दिवशी हे लिहिलं गेलं, तेव्हाच पुढचा अंदाज यायला हवा होता.

होय, मी पाण्यावर जगतो. माझी तार फार बारीक आहे आणि ती एका नळीत, वाहत्या पाण्यात बुडलेली असते. शेजारच्या पेटीतला पंप पाणी ढकलतो, ते माझ्या डोक्यापर्यंत येतं, तिथली धग घेतं आणि तारेला गार करत पेटीत परत जातं. पाणी खेळतंय तोवर मी तीनशे अँपिअर हसत हसत नेतो. पाणी थांबलं तर तुमचा अर्धा कप चहा संपायच्या आत मी संपतो. यात लाड नाहीत. माशालाही पाणी लागतं, आणि माशाला कोणी लाडावलेला म्हणत नाही.

माझ्याआधी शेडमध्ये माझा चुलतभाऊ होता. तो हवेवर गार होणारा, जाडजूड मानेचा, पातळ पत्र्यावर अगदी सज्जन. पण जाड अ‍ॅल्युमिनियम म्हणजे गावजेवणाला बसलेला पैलवान. कितीही आच वाढा, ते पोटात घालतं आणि पुन्हा पान पुढे करतं. त्याला पुरं पडता पडता चुलतभावाचा तवा व्हायचा.

शेडचे मालक हॅल्वर यांनी नवीन मोठं मशीन आणलं, तेव्हा त्यालाही चुलतभावच जोडायचा त्यांचा बेत होता. त्यांची वेल्डर फेक्ला म्हणाली, जाड कामाला पाण्याचा टॉर्चच हवा. फेक्ला त्यांच्या वारलेल्या वेल्डर मित्राची मुलगी. ती त्यांना काका म्हणायची आणि शक्यतो त्यांचं ऐकायची नाही.

“बाहेर समुद्र आहे, वरून पाऊस आहे,” हॅल्वर म्हणाले, “आता टॉर्चमध्येपण पाणी?”

“काका, हा जरा धरा,” म्हणून तिने नुकतंच काम थांबवलेला चुलतभाऊ त्यांच्या हातात दिला.

हॅल्वरनी तो धरला आणि लगेच ठेवला. मग आपण तो मुद्दामच ठेवला, असा चेहरा केला.

“जरा गरम आहे.”

“हा ‘जरा’ मी दिवसभर धरते.”

“तुझ्या बापाने जन्मात कधी पाण्याचा टॉर्च बघितला नाही.”

“हो. आणि शेवटी शेवटी बापाला हातातली कॉफी गरम आहे की गार, तेपण कळत नव्हतं.”

अशा रीतीने माझी निवड झाली. माझ्याबरोबर पाण्याची पेटी आणि पंप यायचे ठरले. सोबत एक छोटी डबीही मिळत होती. पाणी थांबलं की मशीन आपोआप बंद करणं, एवढंच तिचं काम.

“ही कशाला?” हॅल्वर म्हणाले. “पाणी वाहतंय की नाही ते बघायला देवाने डोळे दिलेत ना?”

डबी घ्यायची राहिली. एक लढाई जिंकून फेक्ला दमली होती आणि दुसरी तिने सोडून दिली. मित्रांनो, जगातली बरीच नासधूस या दुसऱ्या लढाईच्या वेळी होते.

पण ती वर्षं चांगली गेली. रोज सकाळी फेक्ला पंप चालू करायची, पेटीचं झाकण उघडायची आणि परत येणारी धार बघायची. “झाली का शू?” असं विचारायची. धार नीट असली की मगच मशीनला हात. मला ती फक्त शुद्ध, गाळलेलं पाणी द्यायची आणि हिवाळ्याआधी ते सगळं काढून मला कोरडा करायची. तिच्या हातात मी हलका होतो, गार होतो. आमचे जोड करंजीच्या मुरडीसारखे पडायचे. कोळी मुद्दाम बोट फिरवून बघायचे आणि “वा” म्हणायचे. ते वा मशीनला मिळायचं. मशीन मोठं होतं आणि त्याला दिवे होते.

आता मॅटफीविषयी सांगतो. मॅटफी म्हणजे फेक्लाचा धाकटा भाऊ, स्वतःच्या होडीवर सामन मासे धरणारा. जीव लावणारा माणूस. इथे एक रीत आहे. मासेमारी संपली की थंडीच्या आधी ज्या ज्या वस्तूत पाणी असेल, तिच्यात न गोठणारं कूलंट ओतायचं, नाहीतर आतलं पाणी गोठून वस्तू फुटते. इंजिनात ओततात, पंपात ओततात, होडीच्या संडासातही ओततात. मॅटफी या रीतीचा कडवा भक्त. चर्चमधल्या पवित्र पाण्यालाही घोटभर द्यावं का, असं त्याने पाद्रीबाबांना विचारलं होतं. त्या दिवसापासून पवित्र पाण्याला कुलूप आहे.

त्या शरद ऋतूत फेक्लाच्या आईला तातडीने अँकरेजच्या इस्पितळात न्यावं लागलं. फेक्ला विमानाने सोबत गेली आणि मला कोरडा करायचं राहून गेलं. मॅटफी शेडमध्ये आला, त्याने माझी पेटी उघडली आणि आत पाणी तसंच पाहिलं.

“ताई नाही म्हणून काय तुला असंच टाकायचं?” तो मला म्हणाला. तो सगळ्या वस्तूंशी बोलतो. वस्तूंना ते आवडतं, हा त्यातला वाईट भाग.

त्याने माझं पाणी काढलं आणि होडीच्या इंजिनाचं हिरवं कूलंट भरलं. त्यात गळती बुजवणारी पूड मिसळलेली होती. इंजिनाला ती औषध. माझ्या काडीएवढ्या वाटांना ती सिमेंट. पंप चालू करून त्याने ते माझ्या डोक्यापर्यंत खेळवलं, थोपटलं आणि तो गेला. तो त्याचा शेवटचा कॅन होता. त्याच्या स्वतःच्या होडीच्या जेटला काहीच उरलं नाही. जेट म्हणजे पाणी मागे फेकून होडी पुढे ढकलणारं यंत्र. त्याच्या तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. “थोडंच तर आहे,” मॅटफी म्हणाला.

ते थोडंसं पाणी हिवाळ्यात गोठलं आणि जेटच्या जाड ओतीव कवचाला वीतभर चीर पडली.

वसंतात ती दिसली, तेव्हा मासेमारी सुरू व्हायला आठवडा उरला होता. नवं कवच जहाजाने यायचं आणि जहाज पुढच्या महिन्यात. इथे लाल सामनची पहिली झुंबड जाळ्यात आली तर वर्ष निघतं, नाहीतर माणूस दुसऱ्याच्या होडीवर मासे साफ करतो. म्हणजे मॅटफीचं अख्खं वर्ष त्या चिरेत अडकलं होतं. आईला घेऊन परतलेली फेक्ला म्हणाली, “आण इकडे. जोडून देते.”

तिने पंप चालू केला आणि झाकण उघडलं. धाग्याएवढी धार येत होती.

“शू हिरवी का? मॅटफी, इकडे ये. हे काय आहे?”

“कूलंट. चांगल्यातलं. मीच घातलं,” मॅटफी म्हणाला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

फेक्लाने पेटीत बोट बुडवलं आणि ते चोळून बघितलं.

“रागावलीस का ताई?”

“नाही रे. कुत्र्याने चिखलाच्या पायांनी अंगावर उडी मारली, तर त्याच्यावर काय रागवायचं?”

“म्हणजे रागावलीस.”

तिने मला पुन्हा पुन्हा धुतलं, पण धार काही जाड होईना. शेवटी तिने मला खाली ठेवलं. “नवी नळी आणि नवी पेटी मागवते. परवाच्या विमानाने येतील. तोवर याला कोणी हात लावायचा नाही,” असं सांगून ती फोन करायला गेली.

टेबलावर जेटचं कवच होतं आणि हॅल्वरना टेबल मोकळं हवं होतं. शेडबाहेर आणखी होड्या उभ्या होत्या.

“काका, ताई म्हणाली की—” मॅटफी म्हणाला.

“ताई काय म्हणाली ते ऐकलंय मी. पाणी येतंय का? येतंय. मग झालं तर. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी वेल्डिंग करतोय.”

देवाने दिलेल्या डोळ्यांनी त्यांनी धागा पाहिला, त्यांना तो पाणी वाटला, आणि त्यांनी मला कवचावर धरून पायाखालचं वीज वाढवायचं बटण पूर्ण दाबलं.

मित्रांनो, मला फारसं दुखलं नाही. मी आधी कोमट झालो, मग मऊ. नळी फुगली, हिरवी वाफ सुटली आणि आतली तार तुटली. माझं जळणं संपायच्या आत हॅल्वर म्हणाले, “बघ. नाजूक माल. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

फेक्ला परतली. तिने मला उचललं आणि नळीच्या जळक्या भागावरून अंगठा फिरवला. मला वाटतं ती तेव्हा ओरडली असती, तर मला कोणी जाळलं ते अख्ख्या बंदराला कळलं असतं.

मग धुकं आलं. विमान उतरेना. या गावाला बाहेर जायचा रस्ता नाही, त्यामुळे धुकं बसलं की सगळं बसतं. शेवटी तिने चुलतभावाला काढलं. तो आपल्या परीने राबला. पण एवढ्याशा वेळात तो तापायचा, तिला थांबावं लागायचं, तेवढ्यात कवच गार व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिच्या हातमोज्यातून धूर निघत होता. कसाबसा जोड पूर्ण झाला. वरून तो बरा दिसत होता.

“याच्यावर माझा भरवसा नाही,” ती मॅटफीला म्हणाली. “नवी नळी येऊ दे. मी हा उकरून पुन्हा करते.”

“ताई, उद्या सगळे निघतायत.”

“निघू देत.”

“तू जोडलंयस. टिकणारच.”

तिने आणखी दोनदा सांगितलं. तो तिला मिठी मारून गेला.

जोड नदीच्या मुखाशी, फुटणाऱ्या लाटांत सुटला. एका शेजाऱ्याने आपलं जाळं गुंडाळून मॅटफीची होडी ओढत आणली. माणूस वाचला, वर्ष बुडालं.

पुढचं मला मॅटफीनेच येऊन सांगितलं. बंदरावरच्या लिगायाबाईंच्या खानावळीत हॅल्वर म्हणाले, “पोरीचा हात गेला. बापासारखाच.” लोकांनी माना हलवल्या. मॅटफी उभा राहिला आणि म्हणाला, “कूलंट मी घातलं. टॉर्च काकांनी जाळला. ताई मला जाऊ नको म्हणत होती.” लिगायाबाईंचे डोळे भरून आले.

“बहिणीसाठी सगळं अंगावर घेतोय गं लेकरू,” त्या म्हणाल्या आणि त्याला आणखी भात वाढला.

तो रोज जाऊन खरं सांगतो. रोज त्याला जास्तीचा भात मिळतो. आणि जितका भात, तितकी फेक्लाची चूक पक्की. आता तिच्याकडे कोणी होडी आणत नाही.

मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. कुणाचीही काळजी जरूर घ्या, पण त्याला काय चालतं ते आधी विचारा. आपल्याकडे जे उरलंय तेच दुसऱ्याला औषध असतं असं नाही. आणि ज्याचा हात कामात भाजतो, तो थांब म्हणाला तर थांबा. त्या वेळी आपला अनुभव मोजत बसू नका.

गेल्या आठवड्यात फेक्ला बोटीने हे गाव सोडून गेली. जायच्या आधी ती शेडमध्ये आली. माझं डोकं शाबूत होतं. तिने ते नळीपासून सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि खिशात घातलं. नव्या गावी, नव्या नळीवर ते लागेल. म्हणजे तुमच्याशी इतका वेळ बोलत होता, तो फक्त मागे राहिलेला जळका तुकडा.

डोक्याशिवाय कसं जमतं, असं तुम्ही विचाराल. या शेडमध्ये ते अवघड नाही. इथे सगळं तसंच चालतं, आणि मालक म्हणतात, झकास चालतं.