एक दिवस उशिरा

एल्याकिम उठून दोन पावलं पुढे गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आजपासून त्याला वडिलांच्या प्रार्थनेसाठी उभं राहायचं नव्हतं. सकाळची प्रार्थना संपत आली होती. तो गुपचूप मागे फिरून बाकावर बसला. सिनेगॉगचा म्हातारा सेवक झुंडेल दारापाशी पुस्तकं रचत होता. त्याच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"काल शेवटचा दिवस म्हणून केक वाटलास ना रे? मग सुटलास. बस आता."

गेलेल्या बापासाठी मुलानं कद्दिश ही प्रार्थना म्हणायची ती अकरा महिने. पुरतं वर्षभर म्हणतात ते पापी माणसासाठी, म्हणून भल्या माणसाचा मुलगा महिनाभर आधीच थांबतो. एल्याकिमनं एक दिवस चुकवला नव्हता. दिवसातून तीनदा, खणखणीत, अक्षर न् अक्षर शुद्ध. डोळे मात्र एकदाही ओलावले नव्हते. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

वडील, फिशेल, बेकरीत कामाला होते. शिक्षण बेताचं, पण प्रार्थनेला उभे राहिले की त्यांना जगाचं भान नसे. माणसं निघून जात, झुंडेल दारात किल्ल्या वाजवत बसे, आणि लहानगा एल्याकिम शरमेनं अर्धमेला होई. मोठेपणी तो शाळेत प्रार्थनेचे नियम शिकवणारा मास्तर झाला, तो बहुधा त्या शरमेपोटीच. कुठे वाकायचं, कुठे थांबायचं, त्याच्या वर्गातल्या मुलांना सगळं तोंडपाठ होतं.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापक त्याच्या तासाला मागे येऊन बसले होते.

"मुलांना सगळं येतं हो, मास्तर. पण प्रार्थना करताना त्यांचे चेहरे बघितलेत कधी? बसची वाट बघत उभी असल्यासारखी. जरा मन ओतायला शिकवा की."

"मनाला मार्क कसे देऊ?" एल्याकिम म्हणाला होता. जे माझ्यापाशीच नाही ते देऊ कुठून, हे पुढचं वाक्य त्यानं गिळलं होतं.

आता पुढच्या बाकावरून एक आडदांड माणूस उठला. अर्काडी, रशियातून आलेला, गल्लीत नळदुरुस्तीची कामं करणारा. आठ दिवसांपूर्वी त्याची आई गेली होती. हातातल्या कागदावर त्यानं कद्दिश रशियन अक्षरांत उतरवून आणलं होतं. तिसऱ्या शब्दावरच तो अडला. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. सगळ्यांनी एल्याकिमकडे बघितलं. चुका काढण्याचं काम कायम त्याचंच असे.

एल्याकिम जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला आणि हलकेच एकेक शब्द सांगू लागला. अर्काडी प्रत्येक शब्द लाकूड उचलावं तसा उचलून ठेवत होता. घाई त्याला ठाऊकच नव्हती. मागे कुणी खाकरलं, कुणी घड्याळ बघितलं. दारात किल्ल्या वाजू लागल्या.

तो आवाज ऐकला आणि एल्याकिमला पुढचा शब्द सांगता येईना. वडील गेले, हे त्याला आज कळलं. त्यानं अर्काडीच्या खांद्याला धरलं. अर्काडी थांबून राहिला. लोकही थांबले. बऱ्याच वेळानं उरलेले शब्द झाले, आणि 'आमेन' म्हणून माणसं पांगली.

"अकरा महिने कोरडा, आणि आज?" झुंडेल जवळ येऊन पुटपुटला. "वरातीमागून घोडं! तुझ्या बापाला हे ऐकायला किती आवडलं असतं रे."

एल्याकिमनं बाहीनं डोळे पुसले. आठ वाजून गेले होते. वीस वर्षांत तो शाळेत कधी उशिरा पोचला नव्हता.

"पोरांना काय सांगणार आहेस?"

"झालं ते."

अर्काडी कागदाची घडी घालत होता.

"मास्तर, उद्या याल का? कद्दिशला लागतात ती दहा माणसं घरी जमलीच नाहीत हो. सुतकाचे सात दिवस नुसता बसून होतो. आज पहिलंच."

"म्हणजे तुझे अकरा महिने अजून पुढेच आहेत."

"सगळेच."

एल्याकिम त्याच्या शेजारीच टेकला.

"सावकाश म्हणत जा," तो म्हणाला. "मी आहे."

झुंडेलनं हातातल्या किल्ल्यांकडे बघितलं आणि त्या खिशात टाकल्या.