घुटीतलं सोनं

हबीबाचा हाशिम जन्मला तो मूठभर. रडला की ओठ निळे पडायचे. निजामपुऱ्यात मूल अशक्त निघालं की आया प्रमोदिनीकाकूंचं दार ठोठावत. राममंदिरातलं एकही कीर्तन न चुकवणाऱ्या काकूंच्या हातच्या बाळघुटीवर साऱ्यांचा भरवसा. हबीबा तर भिंतीला भिंत लागून राहणारी. तिनं ओढणीच्या गाठीतून सोन्याचं नाणं काढलं. तिच्या सासऱ्यांनी बोटीवर असताना जर्मनीतल्या ल्युबेक बंदरातून आणलेलं, सुनेचं तोंड बघताना दिलेलं.

"काकू, घुटीत हेच उगाळा. अस्सल हाय."

एका बाजूला फूल, दुसरीकडे दाढीवाला साधू, कडेनं परकी अक्षरं. काकूंनी आधी साधूला नमस्कार केला. मग रोज सकाळी रामनाम घेत नाणं सहाणेवर फिरे. आज फूल, उद्या साधू. इतर बाळांना दोन वेढे, हाशिमला मात्र मनाला येईल तितके.

पोर बोलायला लागलं, काकूंच्या मांडीवर बसून गजराला टाळ्या पिटायला लागलं. पण जिना चढताना धापा टाकी. नव्वद साली मुंबईचे डॉक्टर म्हणाले, काळजाला भोक आहे, ऑपरेशन लांबवू नका. हबीबाच्या नवऱ्यानं, महमूदनं, कापड विणायचे लूम विकले, तरी पुरेना. मग दोघी नाणं घेऊन फोर्टातल्या एका जाणकाराकडे गेल्या.

त्यानं भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हे ल्युबेक शहराचं अगदी सुरुवातीचं सोन्याचं नाणं! जगात मोजकी उरलीत. अक्षरं शाबूत असती तर पोराचं ऑपरेशन यातच झालं असतं. आता नुसतं वजनाचं सोनं. कुणी घासलं हे?"

हबीबानं काकूंचा हात घट्ट धरला.

"सासऱ्यांनी. बोटीवर चाळा होता त्यांना."

एवढ्याशा वजनानं काय होणार, नाणं परत ओढणीच्या गाठीत गेलं. वर्गणी जमेपर्यंत हाशिम थांबला नाही.

रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी गजर धरला, देऊळ टाळ्यांनी भरलं. काकूंचे हात मांडीवरून उठले नाहीत.

पुढे काकूंची लेक सुचेता बाळंतपणाला आली. बाळाच्या बाराव्या दिवशी हबीबा दारात उभी. तळहातावर तेच नाणं.

"नातवाला घुटी नको?"

"हबीबा, माझ्या हातून नाही गं व्हायचं."

हबीबा खाली बसली, सहाण पुढे ओढली आणि स्वतःच उगाळू लागली.

"कुठली बाजू लावू, काकू?" तिनं सवयीनं विचारलं. मग नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे. आता दोन्ही सारख्याच."