कळपाचा वास

पिल्लू आवारात सोडलं आणि सगळ्या हत्तिणींनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

ओंडक्यांच्या उंच कुंपणाआत पाच हत्तींचा कळप उभा होता. मक्याची शेतं तुडवतो म्हणून त्याला नदीपलीकडून ट्रकांतून या अभयारण्यात आणलं होतं. सकाळीच उतरवला होता. थोडा सावरला की मागचं फाटक उघडून जंगलात सोडायचा. पिल्लू त्याआधी आलेलं. त्याच मक्याच्या शेतांजवळच्या कालव्यात ते पडलं होतं आणि गावकऱ्यांनी दोर लावून बाहेर काढलं होतं. कळपातल्या कानफाटी नावाच्या हत्तिणीला गुंगीचं इंजेक्शन दिलं तेव्हा अभयारण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे स्तन दाबून पाहिले. दूध होतं, जवळ पिल्लू नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या लेखी प्रश्न सुटला होता: हीच त्याची आई.

आता कानफाटी पुढे आली, सोंडेचं टोक पिल्लाच्या पाठीवर टेकवलं आणि चटका बसल्यासारखी मागे सरली. ठेंगणी नावाची दुसरी हत्तीण आपल्या मोठ्या पिल्लाला पोटाखाली घेऊन कोपऱ्यात गेली. कळपाने कान पसरले. कोणीतरी चीत्कार केला. कालव्याचं पिल्लू मधोमध एकटं उभं राहिलं.

"वहिनी, अंदाज चुकला वाटतं," डॉक्टरीणबाईंचा दीर म्हणाला. ट्रक चालवणं, माग काढणं आणि वहिनीला चिडवणं ही त्याची कामं.

"माझा? हत्ती तुम्ही आणलेत, भावजी."

"तुम्ही बोट दाखवलंत तेच आणले. यात निवडून घ्यायला वांगी होती का?"

"भांडण नंतर करा," कुंपणाच्या फटीला डोळा लावून आत्या म्हणाली. भावजींची सख्खी आत्या. अभयारण्यात तिला साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे आत्याच म्हणत. पिल्लाला बाटलीने दूध पाजायचं काम तिच्याकडे होतं. "लेकरू थरथरतंय."

वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज आला. कळप फार बिथरलाय, कुंपण मोडेल, फाटक उघडा.

"आणि पिल्लू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेत नसतील तर बाहेर काढा. शेडमध्ये ठेवू."

शेडमध्ये आधीच एक होता. बाटलीबहाद्दर. बाटलीवर वाढलेला, आता जवान झालेला हत्ती. जंगलात सोडला की माणसांच्या मागे मागे गावात जाई, दूध मागायला दारं ढकली. शेवटी त्याच्या पायात साखळी आली. आत्यानेच त्यालाही वाढवलं होतं, आणि साखळी घातली त्या दिवशी आत्या दिवसभर कुणाला दिसली नव्हती.

"थोडा वेळ द्या, साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

काही जुळत नव्हतं. कळप चुकीचा आणला असेल, तर खरी आई नदीपलीकडे कालव्याच्या काठाने अजून पिल्लाला शोधत असेल आणि या पाच हत्तींनी आपलं रान उगाच सोडलं. कळप बरोबर असेल, तर आई पोटच्या पिल्लाला घाबरते कशी? की कानफाटीचं पिल्लू आधीच मेलं होतं आणि हे तिसऱ्याच कुणाचं?

"की ट्रक चुकला?" भावजी म्हणाले.

"ट्रक कसा चुकेल? तुम्हीच चालवत होतात."

"तेच तर म्हणतोय. आता मला माझाही भरवसा वाटेना."

"माणसाचा वास येतोय का अंगाला?" आत्याने विचारलं.

"कसा येईल? लिंपलंय ना."

तशी पद्धतच होती. माणसाने हाताळलेलं पिल्लू कळपात सोडण्याआधी त्याच्या अंगाला त्याच कळपाची लीद थापायची. म्हणजे माणसाचा वास झाकतो. सकाळी भावजींनी बादलीभर लीद आणली होती आणि आत्याने ती सोंडेपासून शेपटापर्यंत अशी नेटकी लिंपली होती, की जमीन सारवताना कुणी इतकी काळजी घेणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी फटीतून हात घालून पिल्लाला जवळ बोलावलं. ते लगेच आलं, आणि या लगेच येण्याचीच त्यांना भीती वाटली. पाठीवरची वाळलेली खपली त्यांनी उचकटली, तळहातावर चुरली. बांबूच्या काड्या निघाल्या. नुसत्या काड्या. पुन्हा दुसरीकडची खपली काढली. तेच.

"भावजी, हे हत्ती काय खात होते?"

"मका. म्हणून तर आणले."

"मग यात मक्याचा एकही दाणा कसा नाही?"

भावजींनी तळहात पाहिला. मग ट्रककडे पाहिलं. मग पुन्हा तळहाताकडे.

"लीद कुठली आणलीत?"

"ट्रकमधलीच, वहिनी. याच हत्तींच्या ट्रकमधली. पण घाबरून त्यांची पातळ झाली होती, अंगाला चिकटेना. म्हणून वरची बाजूला सारली आणि खालची घट्ट घेतली. चांगली घट्ट बघून घेतली."

"खालची? ट्रकच्या तळाची वाळू बदलली होती?"

वाळू बदललीच नव्हती. मागच्या खेपेला त्याच ट्रकमधून बांबूच्या रानातला दुसराच कळप आला होता.

"अरे कर्मा," आत्या म्हणाली. "परक्यांचा अंगरखा घालून लेकराला घरी पाठवलं की आपण."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. पिल्लाला अलगद बाहेर घेतलं. साबण नाही, नुसतं पाणी. आत्याने गवताच्या जुडीने घासलं. भावजी काठीला फावडं बांधून कुंपणाखालून आतली ताजी लीद ओढत राहिले. आता ती पातळच हवी होती, आणि पातळ म्हणून हातात राहत नव्हती. दाण्यांसकट ती पिल्लावर, आत्याच्या साडीवर आणि डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर गेली.

"आता तुम्हालाही कळपात घेतील, वहिनी."

"तुम्ही गप्प बसा."

पिल्लू पुन्हा आत गेलं. कानफाटी आली. सोंड पाठीवरून, कानामागून, तोंडात फिरली. तिने ढकललं नाही. पण पिल्लू तिच्याकडे न वळता सरळ ठेंगणीकडे धावलं आणि तिच्या पुढच्या पायांत घुसून दूध पिऊ लागलं. ठेंगणी हलली नाही. तिच्या मोठ्या पिल्लाने डोकं घालून पाहुण्याला बाजूला सारलं, तेव्हा कानफाटीने सोंडेने त्या पाहुण्याला आपल्याकडे ओढलं. ते तिलाही प्यालं.

"म्हणजे आई कोण?" आत्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. पुसल्याने तो आणखीच माखला. "मला वाटलं होतं कानफाटी."

"आणि आता?"

"आता माहीत नाही."

"कळप तरी बरोबर आहे ना?"

"तेही माहीत नाही, आत्या. पितंय, एवढं दिसतंय."

वॉकीटॉकीवर साहेब विचारत होते, काय ठरलं.

डॉक्टरीणबाईंनी भावजींकडे पाहिलं, भावजींनी आत्याकडे. आत्याने पिल्लाची दुधाची बाटली तोंड खाली करून मातीत ओतली.

"उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मागचं फाटक वर सरकलं. आधी ठेंगणी निघाली, मग बाकीचे. कानफाटी थांबून सोंड उंचावून कुंपणाच्या दिशेने वास घेत राहिली. त्या वासात तिला काय सापडलं, कोण जाणे. ती वळली आणि पिल्लू तिच्या मागच्या पायाला खेटून चालू लागलं. मग धावत पुढे, ठेंगणीजवळ. मग पुन्हा मागे.

झाडांनी त्यांना झाकलं तेव्हा ते नेमकं कुणाजवळ होतं, यावर तिघांचं एकमत झालं नाही.