ठोकळ्याखालच्या पुऱ्या

बाईंडरला सपाट नसलेली गोष्ट बघवत नसे. कागद वाकला, ठेव वजन. टेबलावरच्या कापडाला सुरकुती पडली, ठेव वजन. लग्नानंतर बायकोची नवी साडीसुद्धा त्यानं दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून ठेवली होती, आणि ती बिचारी आठवडाभर साडी शोधत होती. चाळीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे चढवले की माणसाचं असं होतं, त्याला तरी काय बोलणार. आणि असा माणूस पडला कुठल्या भानगडीत, तर पाणीपुरीच्या! ज्या पदार्थाची सगळी शान फुगण्यात, तो याच्या हातात म्हणजे आनंदच होता.

त्याला या भानगडीत ओढलं अक्कानं. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. तो एकसष्ट वर्षांचा झाला तरी तिच्यासाठी छोट्याच. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली त्याला वीस वर्षं झाली. खाली दुकान, वर घर, मध्ये तेरा पायऱ्या. रोज सकाळी ती खाली उतरायची आणि संध्याकाळपर्यंत पानं शिवायची. तिची शिवण इतकी सारखी, की गिऱ्हाइकांना वाटायचं मशीनवर केलंय. शनिवारी दुकानाचं शटर ओढलं की दोघं बहीणभाऊ चौकातल्या गाडीवर जाऊन एकेक प्लेट पाणीपुरी खायचे. बाईंडरच्या बायकोला त्या तिखट पाण्यानं ठसका लागायचा, म्हणून ती कधी सोबत येत नसे. वीस वर्षांत हा नेम चुकला असेल तर दोन-तीनदा.

मग अक्का नवव्या पायरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला, बजावून सांगितलं की रोज चाला. अक्कानं दोन फेऱ्या मारल्या आणि पुरे म्हणाली. तेव्हापासून दोन महिने ती खाटेवर आणि वॉकर कोपऱ्यात. त्याच्यावर टॉवेल वाळायला लागले. बाईंडरनं गाडीवरची पाणीपुरी बांधून आणून पाहिली. तेरा पायऱ्या चढून वर येईतो पुऱ्या मऊ पडल्या. अक्कानं एक खाल्ली आणि ताटली बाजूला सारली.

सोमवारी तिनं परगावच्या लेकाला फोन केला की रविवारी गाडी घेऊन ये, मला तुझ्याकडे घेऊन चल. लेक चांगला होता, लगेच हो म्हणाला. पण तो आणि सून सकाळी जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे. तिथं ही बाई दिवसभर भिंतींशी बोलणार. बाईंडर तिची समजूत काढायला गेला, तर ती छताकडे बघतच बोलली.

"मी इथं करू काय, छोट्या? खाली उतरता येत नाही. सुई हातात धरली नाही दोन महिने. वहिनीनं ताट आणून द्यायचं आणि मी गिळायचं. पाहुणी दोन दिवस बरी असते रे, मी पाहुणीसुद्धा नाही."

यावर तो भलतंच बोलून गेला: शनिवारची पाणीपुरी मी घरी करून घातली तर राहशील का? अक्का दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. भावाला चहासुद्धा धड जमत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं अट घातली. पुऱ्या टम्म फुगलेल्या हव्यात, कुरकुरीत हव्यात आणि सगळं एकट्या छोट्याच्या हातचं हवं. जमलं तर राहीन, नाहीतर रविवारी गाडीत बसेन. वहिनी चोरून मदत करील म्हणून तो स्वयंपाकघरात असेल तेवढा वेळ तिला आपल्या खोलीत, डोळ्यांसमोर बसवून घ्यायचं ठरलं.

बाईंडर तडक चौकातल्या पाणीपुरीच्या गाडीवाल्याकडे गेला. गाडीवाला दिलदार माणूस, त्यानं काही हातचं राखलं नाही. बारीक रवा घ्या, चमचाभर मैदा घाला, पीठ घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. पातळ लाटा, वाटीनं गोल कापा. तळेपर्यंत पुऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवा, वारा लागू देऊ नका. तेल कडकडीत, आणि पुरी टाकली की झाऱ्यानं हलकी दाबा, फुगलीच म्हणून समजा. बाईंडरनं हे सगळं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतलं.

मंगळवारी दुकान दुपारीच बंद करून त्यानं करायला घेतलं. पाणी पहिल्या फटक्यात झकास जमलं. पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, चिंच, काळं मीठ, जिरेपूड. पुठ्ठे चिकटवायची खळ बनवणाऱ्या माणसाला पातळ-दाट बरोबर कळतं. पीठ मळलं, लाटलं, चाळीस चकत्या कापल्या आणि ओल्या फडक्याखाली ठेवल्या. आता ओल्या फडक्याखाली वस्तू ठेवली की पुढं काय करायचं, हे बाईंडरच्या हातांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी फडक्यावर लाकडी पाटी ठेवली आणि पाटीवर वडलांच्या वेळचा पाच किलोचा लोखंडी ठोकळा. ठक्. हात आपलं काम करून मोकळे झाले आणि बाईंडर बटाटे सोलायला लागला.

वीस मिनिटांनी ठोकळा उचलला तर चाळीस पुऱ्यांचा एकच गठ्ठा झाला होता. सोडवता सोडवता कडा फाटल्या. तेलात टाकल्या तर जागच्या हलेनात. एकही फुगली नाही. त्याला वाटलं, रवा खराब. गुरुवारी रवा बदलला, तेल बदललं, वाटीसुद्धा बदलली. ठोकळा तेवढा तोच राहिला. दोन्ही दिवसांचे ते तुकडे नवराबायकोनं दह्यात कुस्करून मुकाट्यानं संपवले.

शनिवार उजाडला. अक्काची बॅग भरून दाराशी उभी होती. उद्या पहाटे निघतो असा लेकाचा फोनही येऊन गेला. दुपारी बाईंडर ओट्याशी उभा राहिला तेव्हा त्याला देव आठवत होते. ही नसली तर खाली दुकानात समोरची खुर्ची रिकामी, शनिवार रिकामा, आणि आपल्याला छोट्या म्हणणारं जगात कुणी उरणार नाही, हे त्याला लाटता लाटता एकदम कळलं आणि डोळे भरून आले. त्यानं मनगटानं डोळे पुसले. चकत्या कापल्या, फडकं घातलं, पाटी ठेवली. ठक्.

आतल्या खोलीत नणंदभावजयीचं बोलणं चाललं होतं, ते मध्येच तुटलं. मग काहीतरी खरडल्याचा आवाज. बायको "वन्सं, थांबा, पडाल" असं म्हणतेय असं त्याला वाटलं. मग टक, टक, टक. बाईंडर वळला. स्वयंपाकघराच्या दारात अक्का स्वतःच्या पायांवर उभी होती. समोर वॉकर, वॉकरवर लोंबणारा ओला टॉवेल, आणि चेहऱ्यावर असला राग की बाईंडर दोन पावलं मागे सरकला.

"तो ठोकळा उचल आधी. तीन दिवस ऐकतेय, ठक् काय, ठक् काय. अरे, पुऱ्या आहेत त्या, वह्या नाहीत."

बाईंडरनं ठोकळ्याकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. मागून आलेली बायको काय झालं म्हणून बघायला पुढं आली, तिनं ठोकळा पाहिला आणि तीही हसत खाली बसली. साडीची आठवण झाली तिला. अक्का मात्र हसली नाही. स्टूल ओढ म्हणाली, टेकली, चिकटलेल्या पुऱ्या गोळा करून पुन्हा मळल्या आणि लाटणं हातात घेतलं. वीस वर्षं एकसारखे टाके घातलेला हात तो, कडेला जाड नाही, मध्ये पातळ नाही. बायकोला तिनं बटाटे कुस्करायला बसवलं, भावाला कढईपाशी उभं केलं. पहिली पुरी तेलात गेली, तळाशी गेली, वर आली, बाईंडरनं झाऱ्यानं हलकंच दाबलं आणि ती टम्म फुगली. आता सासरी असलेल्या त्याच्या पोरीला पहिला दात आला होता तेव्हा तो इतका हरखला होता. त्यानंतर आज.

खाल्ल्या त्या उभ्यानं. गाडीवर कुणी बसून खातं का, असं अक्काचं म्हणणं पडलं. एक हात वॉकरवर, एका हातात वाटी, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. बायकोला ठसका लागला तरी तिनं सात खाल्ल्या. वाट्या रिकाम्या झाल्या तेव्हा बाईंडरला अट आठवली आणि तोंडाची चव गेली. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"अक्का, मी हरलो. पुऱ्या तुझ्या हातच्या आहेत."

"हरलास तर. सपशेल हरलास," अक्का म्हणाली. वाटीतलं उरलेलं पाणी तिनं पिऊन टाकलं. "पुढच्या शनिवारी पुन्हा कर, एकट्यानं. तोवर मला थांबावंच लागणार. वहिनी, पोराला फोन लाव. म्हणावं, यायचं तर खायला ये, न्यायला नको."

बायकोनं फोन लावायच्या आधी बॅग रिकामी केली.

याला आता पाच महिने झाले. अक्का वॉकरवरून काठीवर आली, दुपारची दोन तास दुकानात उतरते, शिवण पुन्हा पूर्वीसारखी. बाईंडर अजून एकदाही जिंकलेला नाही. खरं म्हणजे मागे एका बुधवारी दोघी डॉक्टरकडे गेल्या होत्या, तेव्हा त्यानं गुपचूप वीस पुऱ्या करून पाहिल्या. वीसच्या वीस फुगल्या. पुरावा राहू नये म्हणून सगळ्या एकट्यानं खाल्ल्या, कढई घासून ठेवली आणि पोट बरं नाही म्हणून रात्री जेवला नाही.

पण शनिवार आला की तो शटर ओढून वर येतो, पीठ मळतो, लाटतो, चकत्यांवर ओलं फडकं घालतो. मग पाटी ठेवतो, ठोकळा दोन्ही हातांनी उचलतो, खोलीपर्यंत ऐकू जाईल असा आपटतो, आणि काठीची टकटक सुरू होईपर्यंत तिथंच उभा राहतो.