बारा वाजायच्या आधी

वन्सं यायच्या त्या नेहमी सकाळीच. बारापर्यंत माझं मौन असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. देवाला बोललेलं व्रत. अठरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

"वहिनीचं बरं आहे," चपला काढता काढता त्या म्हणायच्या, "तोंड देवाकडे गहाण. भांडायचं म्हटलं तरी समोर माणूस नाही!"

ह्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवून तीन महिने झाले होते. शरीरानं ते झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्या रोगाशी लढायची ताकदही काढून घेतात. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "साधी खरूजसुद्धा यांच्या अंगावर साधी राहणार नाही. कातडीचं काही असलेलं माणूस उंबऱ्याबाहेर ठेवा." ह्यांचा टॉवेल मी वेगळा केला, चादर वेगळी, कंगवा वेगळा. रोज सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं.

वन्सं एका लॉजच्या चादरी धुतात. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि बोटांच्या बेचक्यात करकरून खाजवलं. मनगटावरही बारीक लाल पुरळ होतं. मी पाटीवर लिहिलं, 'हाताला काय झालं?'

"चष्मा नाही गं आणला," पाटी लांब धरून त्या म्हणाल्या. आणि लगेच, "उष्णता आहे. सोड्याच्या पाण्यात हात घाल, म्हणजे कळेल."

माझ्या सासरी सगळं उष्णतेनंच होतं. तोंड आलं, उष्णता. केस गळले, उष्णता. सासरे जिन्यावरून पडले, तर चक्कर उष्णतेची.

मी लिहिलं, 'रात्री जास्त खाजतं?'

"ही बघ रे, पाटीवरची डॉक्टरीण! हो, रात्री झोपू देत नाही. मग? तुझ्या दारात येते का खाजवायला?"

हे हसले. मग सदरा काढून पाठमोरे बसले. "ताई, पाठ फार कोरडी पडलीय. ते मलम लाव ना जरा."

"आण. लहानपणी मीच चोळलीय ही पाठ." त्यांनी मलम तळहातावर घेतलं.

बाराला वीस मिनिटं होती. मी मध्ये उभी राहिले. त्यांनी कोपरानं मला ढकललं. "सरक. तुझा नवरा नंतर, माझा भाऊ आधी."

"हात लावू नका."

त्या वेळेला माझा आवाज मलाच परका वाटला.

"बोलली! देवाला सोडलं, पण मला नाही सोडलं."

"ती खरूज आहे, वन्सं. औषध लावा, घरातल्या सगळ्यांना लावा, कपडे उकळा. डॉक्टर बरं झालं म्हणाले की या. तोवर नको."

"म्हणजे मी घाणेरडी? ऐकतोस ना रे?"

ह्यांनी सदरा अंगात घातला. "अठरा वर्षांनी सकाळचं तोंड उघडलंस, ते माझ्या बहिणीला हाकलायला? तुझं मौनच बरं होतं."

वन्सं तशाच निघून गेल्या. मी त्यांचा कप, खुर्चीवरचं कापड, दाराची कडी, सगळं गरम पाण्यानं पुसलं. हे बघत होते.

आठवड्यानं भाचीचा फोन आला. धुलाईतल्या सगळ्या बायकांना खरूज निघाली, सगळ्यांना औषध दिलं. "आई म्हणाली, मामीला सांगू नकोस." मी ह्यांना सांगितलं. ह्यांचं म्हणणं, "तरी बोलायची एक रीत असते."

व्रत मी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरलंय. आता बारानंतरही घरात कोणी बोलत नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे रोज अंग तपासायला सांगितलंय. आंघोळ झाली की हे मुकाट्यानं पाठ फिरवून बसतात. मी खिडकीच्या उजेडात बघते. खांद्यांच्या मधे, काखेत, कमरेला. सतरा दिवस झाले, माझ्याकडे फिरवलेली ती पाठ स्वच्छ आहे.